विद्यापीठातील संगणक प्रयोगशाळेचा जबाबदार वापर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. या दोन्ही विद्यापीठांच्या विभागांत, उपपरिसरांत आणि संलग्न महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनी मोबाईल वर्षानुवर्षे वापरलेला असतो. मात्र माउस आणि कळफलक असलेला संगणक त्यांच्या हाती पहिल्यांदा येतो तो प्रयोगशाळेतच. पुढील उत्तरे त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. हा कोणत्याही एका विभागाचा आदेश नव्हे. आपल्या विभागाच्या सूचनाफलकावर वेगळा नियम असेल, तर तोच पाळावा. नियम कसेही असले तरी बहुतेकांमागचे कारण एकच असते : आपण उठल्यावर त्याच खुर्चीवर, त्याच यंत्रासमोर दुसरे कोणीतरी बसणार असते.

प्रयोगशाळेत कोणाला बसता येते? गावाकडून आलेल्या भावाला सोबत आणले तर चालेल का?

ज्यांच्याकडे चालू वर्षाचे ओळखपत्र आहे असे विद्यार्थी, संशोधक विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी यांनाच प्रयोगशाळा वापरता येते. पाहुण्याला सोबत आणणे सौजन्याचे वाटले तरी त्याच्या नावाने खाते नसल्यामुळे तो आपल्या खात्यावर बसतो आणि त्याने केलेले सर्व काम आपल्या नावावर नोंदले जाते. खरोखरच गरज असेल, तर प्रयोगशाळा प्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी. दाराजवळच्या नोंदवहीत नाव, यंत्राचा क्रमांक, येण्याची व जाण्याची वेळ स्वतःच्या हाताने लिहावी. मित्राची सही आपण करणे आणि आपली मित्राकडून करवून घेणे, दोन्ही टाळावे.

माझा पासवर्ड मी जिवलग मित्राला दिला, तर त्यात बिघडले काय?

हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो आणि विचारणाऱ्याचा हेतू बहुधा निर्मळ असतो. मित्राचे खाते अजून तयार झालेले नसते, त्याचा प्रकल्प उद्या सादर करायचा असतो आणि नाही म्हणणे जड जाते. तरीही पासवर्ड देऊ नये, कारण विद्यापीठाच्या सर्व्हरला मैत्री कळत नाही. कोणत्या खात्यावरून, कोणत्या यंत्रावर, किती वाजता काय केले गेले एवढेच तो लिहून ठेवतो. मित्राने त्या खात्यावरून एखादा आक्षेपार्ह मजकूर पाठवला किंवा मित्राच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याने तो पासवर्ड पाहून ठेवला, तर पहिली विचारणा आपल्याला होते आणि ‘तो मी नव्हतो’ हे सिद्ध करण्याचे कष्टही आपल्याच वाट्याला येतात.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-क (सी) नुसार दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने वापरणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंतचा दंड सांगितला आहे. मित्राने आपल्या संमतीने प्रकल्प छापला म्हणून हे कलम लागत नाही. परंतु एकदा बाहेर गेलेला पासवर्ड कोणाकोणाकडे पोहोचतो, यावर आपला ताबा राहत नाही. मित्राला मदतच करायची असेल, तर त्याला घेऊन प्रयोगशाळा सहायकांकडे जावे. तात्पुरते खाते उघडण्यास फारसा वेळ लागत नाही.

पासवर्ड निवडताना आपले नाव, जन्मवर्ष, मोबाईल क्रमांक किंवा हजेरी क्रमांक टाळावा. तीन-चार असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले आणि त्यात एखादा आकडा घातला, तर असा लांब पासवर्ड लक्षातही राहतो आणि ओळखण्यासही कठीण जातो. ई-मेलचा पासवर्ड इतर कोठेही वापरू नये, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड ई-मेलवरूनच बदलता येतात.

माझ्याकडे लॅपटॉप नाही. शिष्यवृत्तीचा किंवा परीक्षेचा अर्ज प्रयोगशाळेत भरता येईल का?

बहुतेक विभाग यास परवानगी देतात आणि आमच्या मते ती द्यायलाच हवी. बाहेर सेतू केंद्रावर किंवा नेट कॅफेवर पैसे मोजून, आपली कागदपत्रे अनोळखी माणसाच्या हाती देण्यापेक्षा विद्यापीठातील संगणक केव्हाही बरा. तरीही हेच काम प्रयोगशाळेत सर्वाधिक जपून करावे लागते, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगतो.

महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करताना उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, रहिवासी दाखला, गुणपत्रके, आधार आणि बँक खात्याचा तपशील असे सगळे एका बैठकीत यंत्रावर येते. विद्यार्थी सहसा मोबाईलवर कागदपत्रांचे फोटो काढतात, व्हॉट्सॲप वेबने ते संगणकावर उतरवतात, आकार कमी करण्यासाठी त्यांच्या आणखी दोन-तीन प्रती करतात, अर्ज भरतात आणि घाईने वसतिगृहाच्या मेसकडे निघतात. मागे ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये आणि डेस्कटॉपवर त्या कुटुंबाची सगळी माहिती उघडी पडलेली असते. जुलै ते सप्टेंबर या काळात कोणत्याही सार्वजनिक यंत्राचा ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडून पाहावा, म्हणजे आम्ही यावर एवढा भर का देतो ते कळेल.

त्यातही ई-आधारची फाइल विशेष जोखमीची असते. तिला पासवर्ड असल्यामुळे ती सुरक्षित आहे असा समज आहे. पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि त्यापुढे जन्माचे वर्ष. वर्गातल्या कोणालाही हे दोन्ही ठाऊक असते. जेथे पूर्ण क्रमांकाची सक्ती नाही तेथे पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ वापरावे आणि शक्यतो कोणतेही कागदपत्र यंत्रावर न उतरवता थेट पेनड्राइव्हवरून पोर्टलवर चढवावे. फाइल यंत्रावर आलीच, तर काम संपताच ‘शिफ्ट’ आणि ‘डिलीट’ ही बटणे एकत्र दाबून ती काढावी, म्हणजे ती रिसायकल बिनमध्येही राहत नाही. जाणकाराला अशी फाइलही काही वेळा परत मिळवता येते, हे लक्षात ठेवावे.

उठण्यापूर्वी पोर्टलवरून ‘लॉग आउट’ करावे. ब्राउझरची खिडकी नुसती बंद करणे म्हणजे बाहेर पडणे नव्हे. ‘पासवर्ड जतन करायचा का?’ या प्रश्नाला सार्वजनिक यंत्रावर नेहमीच नकार द्यावा. व्हॉट्सॲप वेब बंद करण्यास विसरलात, तर आपल्या मोबाईलवर व्हॉट्सॲपमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’ येथे जाऊन ते यंत्र तोडता येते. गुगल खात्यातही सुरक्षेच्या भागात ‘युअर डिव्हायसेस’मधून दूरच्या यंत्रावरचे खाते बंद करण्याची सोय आहे. खोलीवर गेल्यावर आठवले, तरी तेवढ्यासाठी परत येण्याची गरज नाही.

‘मी विद्यापीठातून बोलतोय, तुमची शिष्यवृत्ती अडकली आहे, आलेला ओटीपी सांगा’ असे फोन या काळात येतात. ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो, फोन करणारा आपले नाव, वर्ग आणि अर्जाचा क्रमांक बिनचूक सांगत असला तरीही. पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

ब्राउझरची खासगी खिडकी, म्हणजे ‘इन्कॉग्निटो’, वापरली की सगळे सुरक्षित राहते ना?

राहत नाही. खासगी खिडकी बंद केल्यावर तिच्यातील इतिहास आणि कुकीज पुसल्या जातात, एवढाच तिचा लाभ. उतरवलेल्या फाइली यंत्रावर तशाच राहतात आणि विद्यापीठाच्या नेटवर्कला आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलात हे दिसू शकते. सार्वजनिक यंत्रावर ती वापरण्याची सवय मात्र चांगलीच आहे.

मी बसलो तेव्हा आधीच्या विद्यार्थिनीचा ई-मेल उघडाच होता. मी काय करावे?

न वाचता तो बंद करावा. उत्सुकतेपोटी एखादे पत्र उघडणे, गंमत म्हणून तिच्या नावाने कोणाला संदेश पाठवणे किंवा ‘धडा शिकवण्यासाठी’ तिचा पासवर्ड बदलणे यांपैकी काहीही क्षम्य नाही. दार उघडे होते म्हणून घरात शिरलो, हा युक्तिवाद येथेही चालत नाही. तिची कागदपत्रे पडलेली दिसली, तर ती स्वतः न पुसता प्रयोगशाळा सहायकांना सांगावे, कारण कदाचित तिच्याकडे दुसरी प्रत नसेल.

लाईट गेली आणि लिहिलेली चार पाने गेली. यूपीएस असूनही असे का होते?

यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर यंत्राला थोडा वेळ वीज देणारी बॅटरीची पेटी, काम चालू ठेवण्यासाठी नसतो. काम जतन करून यंत्र नीट बंद करता यावे, एवढ्यासाठी तो असतो. बॅटरी नवी असताना मिळणारी मिनिटे दोन उन्हाळ्यांनंतर मिळत नाहीत, कारण शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर असतो. म्हणून लाईट गेल्यावर ‘एवढा परिच्छेद संपवतो’ असे म्हणत बसू नये. वर्डमध्ये आपोआप जतन होणारी प्रत मुळात दर १० मिनिटांनी तयार होते. त्या दरम्यान लिहिलेले जाऊ शकते. प्रत्येक परिच्छेदानंतर ‘कंट्रोल’ आणि ‘एस’ दाबण्याची सवय हाच यावरचा भरवशाचा उपाय.

यूपीएसच्या जोडणीवर मोबाईलचे चार्जर, पंखा किंवा लेसर प्रिंटर लावू नये. लेसर प्रिंटर तापताना एकदम मोठा प्रवाह ओढतो आणि त्यामुळे त्या जोडणीवरची सगळी यंत्रे एकाच वेळी बंद पडू शकतात. वीज परत आल्यावर दाब स्थिर होईपर्यंत काही मिनिटे थांबून मगच यंत्र सुरू करावे.

आणखी एक गोष्ट : काही प्रयोगशाळांत यंत्र पुन्हा सुरू करताच ते मूळ स्थितीत नेणारी प्रणाली बसवलेली असते. अशा यंत्राच्या डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल दुसऱ्या दिवशी सापडत नाही आणि कोणालाही ती परत आणून देता येत नाही. प्रबंधाची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक गुगल ड्राइव्हवर आणि जमल्यास एक मार्गदर्शकांच्या ई-मेलमध्ये असू द्यावी.

पेनड्राइव्ह लावण्यास मनाई का केली जाते?

सर्वत्र केली जात नाही. पण जेथे केली जाते तेथे तिला कारण असते. झेरॉक्सच्या दुकानातील यंत्र, विभागातील यंत्र आणि वसतिगृहातील मित्राचा लॅपटॉप असा पेनड्राइव्हचा रोजचा फेरा असतो. ज्यात आपली फोल्डरे नाहीशी होऊन त्यांच्या जागी ‘शॉर्टकट’ दिसू लागतात तो व्हायरस अशाच फेऱ्यात पसरतो. अशा शॉर्टकटवर दोनदा टिचकी मारणे म्हणजे त्याला स्वहस्ते आत घेणे होय. मूळ फोल्डरे बहुधा लपवलेली असतात, नष्ट झालेली नसतात. म्हणून घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करण्याआधी सहायकांना दाखवावा. लावल्यावर आधी स्कॅन करावे आणि सापडलेला बेवारस पेनड्राइव्ह कोणाचा आहे हे पाहण्यासाठीसुद्धा यंत्राला लावू नये. तो कार्यालयात जमा करावा.

बंद करताना ‘अपडेट चालू आहे’ असे दिसते. बस चुकेल म्हणून बटण दाबून यंत्र बंद केले तर?

फक्त पडदा (मॉनिटर) बंद करून तसेच निघून जावे. यंत्र स्वतःहून बंद होईल. अपडेट मध्येच तोडल्यास विंडोज प्रणाली बिघडू शकते आणि ते टाळत राहणेही धोक्याचे असते. १२ मे २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात जगभरातील लक्षावधी संगणकांतील फाइली कुलूपबंद झाल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. ज्यांनी अपडेट पुढे ढकलले, त्यांना ते महागात पडले.

मला हवे असलेले सॉफ्टवेअर यंत्रावर नाही. ‘क्रॅक’ केलेली प्रत मी स्वतः टाकू का?

टाकू नये. ‘क्रॅक’ चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करण्यास सांगितले जाते, यातच त्याचे स्वरूप कळते. याशिवाय स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब (बी) नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र गुन्हा आहे. व्यापारी लाभ नसल्यास न्यायालय कारावास न देता ५० हजारांपर्यंतचा दंड करू शकते. विद्यार्थ्यासाठी तीही रक्कम लहान नव्हे.

बहुतेक गरजा मोकळ्या परवान्याच्या प्रणालींनी भागतात. आकडेवारीसाठी एसपीएसएसच्या जागी पीएसपीपी किंवा आर, गणितासाठी मॅटलॅबच्या जागी ऑक्टेव्ह किंवा सायलॅब, नकाशांसाठी क्यूजीआयएस, लेखनासाठी लिब्रेऑफिस. शिक्षकांनीही सराव परीक्षा विशिष्ट महागड्या प्रणालीवरच घेण्याचा आग्रह सोडावा, असे आम्हाला वाटते. विद्यार्थी ‘क्रॅक’कडे वळतो त्यामागे पुष्कळदा हाच आग्रह असतो. विभागाच्या परवान्याची प्रणाली हवी असल्यास मार्गदर्शकांच्या सहीने अर्ज करावा आणि आठवडाभर आधी करावा.

मराठी टंकलेखनासाठी मी माझा फॉन्ट टाकू शकतो का? आणि माझा पासवर्ड अचानक चुकीचा का ठरतो?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यासाठी रोज कोणीतरी सहायकांकडे येते. आधीच्या वापरकर्त्याने कळफलक मराठीवर ठेवलेला असतो, किंवा ‘कॅप्स लॉक’ चालू राहिलेला असतो. ‘विंडोज’ आणि ‘स्पेस’ ही बटणे एकत्र दाबून भाषा बदलता येते. उठताना कळफलक पूर्ववत इंग्रजीवर आणून ठेवणे हा लहानसा शिष्टाचार आहे, पण त्याने पुढच्याची दहा मिनिटे वाचतात.

आता फॉन्टविषयी. जुन्या श्री-लिपी, शिवाजी किंवा कृतिदेव पद्धतीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मजकुराची जागा निरर्थक रोमन अक्षरे घेतात. मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्राचा प्रबंध अशा फॉन्टमध्ये टंकलिखित केला, तर तो शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवल्यानंतर शब्द शोधून सापडत नाही आणि इतरांच्या लेखनाशी साम्य तपासणाऱ्या प्रणालीलाही तो वाचता येत नाही. म्हणून युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या आणि सर्व यंत्रांवर सारख्याच दिसणाऱ्या पद्धतीत लिहावे. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक मुळातच असतो, तो शिकायला थोडे दिवस लागतात आणि मग आयुष्यभर पुरतो. जुन्या फॉन्टमधील प्रकरणे रूपांतरित करताना जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, त्यामुळे प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे लागते. टंकलेखन बाहेरून करून घेणाऱ्यांनी पैसे ठरवतानाच ‘युनिकोडमध्ये द्या’ हे सांगावे.

प्रयोगशाळेत क्रिकेटचा सामना पाहिला तर कोणाचे काय जाते?

समजा, खोलीत ५० यंत्रे आहेत आणि त्यांच्यात १०० एमबीपीएसची (एमबीपीएस हे इंटरनेटच्या वेगाचे माप) एकच जोडणी आहे. सर्वांनी एकाच वेळी वापर केला, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन एमबीपीएस येतात. स्पष्ट चित्राच्या एका सामन्याला साधारण पाच लागतात. दहा जणांनी सामना लावला की अर्धी जोडणी तेथेच संपते आणि उरलेल्या चाळीस जणांचा परीक्षा अर्ज फिरत राहतो. टॉरेंट, ऑनलाइन खेळ आणि मोठ्या फाइलींची उतरवणूक यांनाही हेच लागू आहे. स्वयम किंवा एनपीटीईएलवरची व्याख्याने अभ्यासाचीच असली तरी गर्दीच्या वेळी चित्राचा दर्जा कमी ठेवून, कानाला हेडफोन लावूनच ऐकावीत.

शोधपत्रिकांतील लेख उतरवण्यावर मर्यादा का आहे? विद्यापीठाने वर्गणी भरलेली आहे ना?

‘वन नेशन वन सब्स्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेमुळे जानेवारी २०२५ पासून शासकीय विद्यापीठांना ३० प्रकाशकांच्या सुमारे १३ हजार शोधपत्रिका खुल्या झाल्या आहेत. हा लाभ मोठा आहे. पण लेख वाचण्याची परवानगी म्हणजे संपूर्ण अंकच्या अंक प्रोग्रॅम लावून उतरवण्याची परवानगी नव्हे. असा सपाटा दिसताच प्रकाशकाची प्रणाली तो पत्ता बंद करते आणि तो पत्ता एकट्या आपल्या यंत्राचा नसून पुष्कळदा साऱ्या परिसराचा असतो. एका संशोधकाच्या घाईमुळे सगळ्या विभागांचे दार बंद होते. लागणारे लेख एकेक करून उतरवावेत आणि आपले विद्यापीठीय खाते बाहेरच्या कोणालाही ‘पेपर काढण्यासाठी’ देऊ नये.

इंटरनेटवरून घेतलेला मजकूर किती चालतो? चॅटजीपीटीने लिहून घेतले तर?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार शोधप्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सुधारित प्रत सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते. ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर सादरीकरणास मनाई होते आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते. म्हणून ‘१० टक्के चोरी चालते’ असा अर्थ काढू नये. एक परिच्छेद उचलला आणि मूळ लेखकाचे नाव दिले नाही, तर टक्केवारी कितीही असो, ती उचलेगिरीच.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयी आपल्या शिक्षकांनी काय सांगितले आहे ते आधी विचारावे, कारण एकाच विभागात दोन शिक्षकांची भूमिका वेगळी असू शकते. ही साधने अस्तित्वात नसलेले संदर्भ आत्मविश्वासाने देतात. मराठवाड्याच्या स्थानिक इतिहासाबद्दल विचारल्यास तर विशेषच. संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय लिहू नये.

मी गावात जाऊन घेतलेल्या मुलाखती प्रयोगशाळेतील यंत्रावर ठेवू का?

ठेवू नयेत. हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही, पण विचारायला हवा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे आरोग्य, शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांची कर्जे किंवा स्थलांतरित मुलांचे शिक्षण या विषयांवर आपले विद्यार्थी मोलाचे काम करतात. त्या प्रश्नावल्यांत शस्त्रक्रियेची, सावकाराची, घरातील भांडणाची माहिती असते. ज्या बाईने विश्वासाने ती सांगितली, तिची मुलगी उद्या त्याच विद्यापीठात प्रवेश घेऊन त्याच यंत्रासमोर बसू शकते. नावांच्या जागी संकेतांक वापरावेत, नाव आणि संकेतांक जोडणारी यादी वेगळी ठेवावी, फाइलीला पासवर्ड लावावा आणि ध्वनिमुद्रणे अनोळखी संकेतस्थळावर चढवून मजकुरात रूपांतरित करून घेऊ नयेत.

आम्ही काय पाहतो यावर पाळत ठेवली जाते का?

नोंदी ठेवल्या जातात. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. या नोंदींत सहसा खाते, यंत्र, वेळ आणि संकेतस्थळाचा पत्ता असतो. तक्रार आल्यावर किंवा बिघाड शोधताना त्या पाहिल्या जातात; कोणाही कर्मचाऱ्याने केवळ कुतूहलापोटी त्या चाळणे योग्य नव्हे आणि तसे घडल्याचे लक्षात आल्यास विद्यार्थ्याने विभागप्रमुखांकडे लेखी तक्रार करावी. नियम विद्यार्थ्यांसाठी आहेत तसेच ते कर्मचाऱ्यांसाठीही आहेत.

प्रयोगशाळेतून समाजमाध्यमांवर शासनावर किंवा विद्यापीठावर टीका केली, तर कारवाई होते का?

मत मांडणे हा गुन्हा नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक नोंदीवरून अटक झाली होती. त्यानंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरास शिक्षा सांगणारे कलम ६६-अ (ए) रद्द केले. मात्र अब्रुनुकसानी, धमकी आणि जातीवरून अवमान यांसंबंधीचे कायदे कायम आहेत. गर्दीच्या वेळी यंत्र कामासाठी मोकळे ठेवावे, एवढीच प्रयोगशाळेची अपेक्षा. आपल्या मताशी तिला कर्तव्य नाही.

कोणी माझा फोटो विकृत करून गटात पाठवला आहे. तो प्रयोगशाळेतून पाठवला असावा असे वाटते. कोठे जावे?

प्रथम पुरावा जपावा. संदेश पुसू नये. त्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत, दिनांक, वेळ आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक लिहून ठेवावा आणि प्रयोगशाळा प्रमुखांना त्या वेळेच्या नोंदी राखून ठेवण्यास त्याच दिवशी लेखी कळवावे, कारण मुदत उलटल्यावर त्या पुसल्या जाऊ शकतात. त्यानंतर अंतर्गत तक्रार समितीकडे अर्ज करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार तो घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर स्त्रिया आणि बालके यांच्याविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगताही करता येते. अश्लील मजकूर प्रसृत करणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७ नुसार पहिल्याच गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ‘घरी कळले तर शिक्षण बंद होईल’ ही भीती आम्ही जाणतो. समितीचे कामकाज गोपनीय असते, हे म्हणूनच मुद्दाम सांगत आहोत.

चहा, पादत्राणे, जागा राखणे यांबाबत काय?

चहा आणि पाण्याची बाटली बाहेर ठेवावी. पादत्राणांबाबत फलकावर असेल तसे वागावे. दप्तर ठेवून यंत्र अडवू नये. पंधरा मिनिटे कोणी नसेल, तर ते दुसऱ्यास देता येते. थोड्या वेळासाठी उठताना ‘विंडोज’ आणि ‘एल’ दाबून पडदा कुलूपबंद करावा. छपाई दोन्ही बाजूंनी घ्यावी.

माझ्या हातून कळफलकावर पाणी सांडले. भरपाई द्यावी लागेल का?

लगेच सांगितले तर बहुधा द्यावी लागत नाही. यंत्राचा पुरवठा बंद करून सहायकांना बोलवावे. लपवून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसल्यास नोंदवहीत आपले नाव असतेच, शिवाय ओल्या यंत्राचा शॉक पुढच्याला बसू शकतो. कायद्यानेही चूक आणि गुन्हा यांत फरक केला आहे : माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ खालील शिक्षा, म्हणजे तीन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा पाच लाखांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही, ही अप्रामाणिकपणे अथवा कपटाने केलेल्या कृत्यासाठी आहे, अपघातासाठी नव्हे.

नियम मोडल्यास शिक्षा कोण ठरवते?

किरकोळ बाबींत प्रयोगशाळा प्रमुख तोंडी समज देतात किंवा काही दिवस खाते बंद ठेवतात. गंभीर बाब विभागप्रमुखांमार्फत शिस्तपालन समितीकडे जाते. कोणत्याही टप्प्यावर आपल्यावरचा आरोप लेखी मागण्याचा आणि आपली बाजू मांडण्याचा अधिकार आपल्याला आहे. खाते बंद असताना परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपत असेल, तर तसे सांगावे. तेवढ्या कामापुरती सहायकांच्या देखरेखीखाली सोय करून देण्यास कोणी हरकत घेऊ नये.

पदवी पूर्ण झाल्यावर माझ्या खात्याचे काय होते?

निकालानंतर काही काळाने ते बंद होते. त्यापूर्वी प्रकल्प, प्रबंध आणि पत्रव्यवहार उतरवून घ्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डिजिलॉकर, शैक्षणिक श्रेयांक पेढी, बँक किंवा नोकरीच्या पोर्टलवर विद्यापीठाचा ई-मेल दिला असेल, तर तो आधी बदलून घ्यावा. अन्यथा पासवर्ड विसरल्यावर तो बदलण्याचे पत्र बंद पडलेल्या पेटीत जाते.